तळ्यातली विहीर

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पश्चिमेच्या दालनातल्या चौथ्या खिडकीची झडप अडकली होती. बाईंनी तळहाताची कड वरच्या बिजागरीजवळ टेकवली, एकदा दाबलं आणि झडप सुटली. या झडपेला जोर चालत नाही, वरून दाबावं लागतं. हे त्यांना आईनं दाखवलं होतं आणि आईला तिच्या सासूनं.

बंगल्याला सेहेचाळीस खिडक्या आहेत. सकाळी आधी पश्चिमेकडच्या उघडायच्या, मग दक्षिणेच्या, आणि पूर्वेच्या सगळ्यात शेवटी, ऊन छतावर चढल्यावर. क्रम चुकला तर ऊन थेट गालिच्यांवर आणि रेशमी भिंतपडद्यांवर पडतं आणि रंग उडतात. संध्याकाळी बंद करतानाही हाच क्रम. बाई सत्तावन्न वर्षांच्या आहेत आणि हे काम त्या एकोणीस वर्षं करत आहेत. खिडक्या उघडून झाल्या की खुर्च्यांवरच्या चादरी काढायच्या, मऊ ब्रशनं चौकटी झटकायच्या, आणि साडेनऊला निळा कोट घालून दारात उभं राहायचं. मग त्याच बाई पाहुण्यांना बंगला दाखवतात. ट्रस्टच्या कागदावर त्यांचं पद ‘मार्गदर्शक तथा देखभाल’ असं आहे.

त्या गुरुवारी अकरा वाजता ट्रक येणार होता. बंगल्याच्या मागे, उत्तरेच्या भिंतीपलीकडे, एकाला एक लागून नऊ घरं आहेत. तिथले लोक त्यांना ‘ओळ’ म्हणतात. ओळ महिनाअखेरीस रिकामी करायची होती आणि महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. आठ घरं आधीच रिकामी झाली होती. राहिलं होतं ते शेवटून दुसरं, बाईंचं. तिथे त्या, त्यांचा थोरला भाऊ आणि वहिनी राहत. बाईंचा जन्म त्याच घरातला. लग्न होऊन गेल्या, सहा वर्षांत नवरा वारला, आणि त्या पुन्हा त्याच खोलीत आल्या. भाऊ बंगल्याच्या पंपावर होता. निवृत्त झाला तरी पंपाचा आवाज बदलला की झोपेतून उठून बसायचा.

बंगल्याचा इतिहास दोन प्रकारे सांगितला जातो. एक पुस्तिकेत आहे. एकशे पस्तीस वर्षांपूर्वी लाकडाच्या एका व्यापाऱ्यानं हा उजाड माळ विकत घेतला, डोंगरातून दगड आणला, चार वर्षांत बंगला बांधला आणि जेवणघरातून पाणी दिसावं म्हणून समोर तळं खोदलं. मुलानं बाग केली. नातवाच्या काळात युद्ध झालं, तेव्हा दोन वर्षं इथे जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. पुढे काही वर्षं मुलांची निवासी शाळा. पणतीला छताची गळती झेपेना, तिनं बंगला ट्रस्टला दिला. पुस्तिका अठ्ठावीस पानांची आहे. बागेच्या कोपऱ्यात व्यापाऱ्याच्या पाच कुत्र्यांच्या समाध्या आहेत, त्या पाचही कुत्र्यांची नावं तिच्यात आहेत. ओळीबद्दल एक वाक्य आहे: ‘उत्तरेस सेवकवर्गाची निवासस्थानं.’

दुसरा इतिहास ओळीतला. माळ उजाड नव्हता. आज तळं आहे त्या खोलगट जागी बत्तीस घरांची वस्ती होती आणि वस्तीच्या मधोमध गोल बांधलेली विहीर. व्यापाऱ्याला पाणी नेमकं त्याच जागी हवं होतं, कारण जेवणघराची खिडकी तिकडे होती. त्यानं वस्तीला सांगितलं, भिंतीमागे तुम्हाला दगडी घरं बांधून देतो, ती तुमची. बांधली नऊ. तेवीस कुटुंबं जिकडे वाट फुटली तिकडे गेली. नऊ राहिली आणि बंगल्यावर कामाला लागली. त्यांची स्वतःची विहीर आता तळ्याखाली होती, म्हणून बायका तळ्यावरून पाणी भरायच्या. पुढे मुलानं जेवणघर आणि ओळ यांच्यामध्ये दाट झाडं लावली. पुस्तिका म्हणते, वाऱ्याला आडोसा म्हणून. वारा तिथे दक्षिणेकडून येतो. झाडं उत्तरेला आहेत.

हा दुसरा इतिहास कुठेही लिहिलेला नाही, आणि ओळीबाहेर तो कधी बोललाही गेला नाही. बाईंची आई बंगल्यात चाळीस वर्षं कपडे धुवायची. तिचं एकच सांगणं असायचं, “खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.” ओळीतल्या प्रत्येक पोराला हे वाक्य चालता येण्याआधी ऐकवलं जाई. बंगल्यात कुणी काही विचारलं, तर मालक जे उत्तर देतील तेच द्यायचं. माहीत नसेल तर त्यांना आवडेल ते द्यायचं. ही लबाडी आहे असं कुणाला वाटत नसे. चादरीची घडी घालतात तशी ती एक कामाची रीत होती.

बाई नऊ वर्षांच्या असताना पाऊस कमी झाला, तळं खाली गेलं आणि मधोमध दगडाचं गोल कडं दिसायला लागलं. आईनं त्यांना काठावर नेऊन दाखवलं. “ती आपली विहीर. बघितलीस ना? आता विसर.”

त्या विसरल्या नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी, ट्रस्टची नोकरी लागून तीन महिने झाले असताना, तळं पुन्हा तसंच आटलं. नोकरी तेव्हा कच्ची होती. एका दुपारी बंगला देणारी पणती स्वतः आठ-दहा पाहुणे घेऊन आली. मागे ट्रस्टचे व्यवस्थापक. काठावर एका पाहुण्यानं बोट दाखवून विचारलं, “ते मध्ये गोल काय आहे?”

पणतीनं खांदे उडवले. व्यवस्थापकांनी बाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

वरच्या मजल्याच्या जिन्यावर एक जुना फोटो आहे. हिरवळीवर सहा वादक बसले आहेत. बाई रोज सकाळी त्याची काच पुसत. त्या म्हणाल्या, “तो वादकांचा चौथरा आहे. मोठ्या मालकांनी बांधून घेतला होता. उन्हाळ्यात वादक होडीतून तिथे जायचे आणि पाहुणे इथे काठावर बसून ऐकायचे.”

पाहुण्यांनी वा वा केलं. मग पणती म्हणाली, “हो, हो. आजोबा सांगायचे असं काहीतरी.”

तिथेच प्रकरण मिटलं असतं. पण व्यवस्थापकांनी संध्याकाळी बोलावून शाबासकी दिली. “हे रोज सांगत जा. लोकांना अशा गोष्टी लागतात.” बाईंनी दिवसातून तीनदा सांगितलं. पुढच्या वर्षी चौथरा पुस्तिकेत आला. त्याच्या पुढच्या वर्षी नकाशात. नोकरी पक्की झाली. घरी आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बरं केलंस. भाकरी शाबूत राहिली.” त्यानंतर ती फार जगली नाही.

ओळीत त्यांचं नाव ‘चौथरेवाली’ पडलं. ठेवलं शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी. त्यांची तीस वर्षं मालकांच्या गाड्या चालवण्यात गेली होती आणि जीभ गाडीपेक्षा वेगानं चालायची. “काय चौथरेवाली, आज काय वाजवलं तुझ्या वादकांनी?” असं ते रोज दारातून विचारायचे. बाईही हसायच्या. “तुमचा भोंगा वाजवला, काका. लोक उठून गेले.” खरं सांगायचं तर त्यांना ते नाव आवडत होतं. ओळीतून बंगल्याच्या पुस्तिकेत काही घालणाऱ्या त्या पहिल्याच.

बारा वर्षांपूर्वी ट्रस्टनं कानात लावून ऐकायचं यंत्र आणलं. आवाज बाईंचा घ्यायचं ठरलं. तळघरातल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून दोन दिवस त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. मजकूर लिहून दिलेला होता. पहिलंच वाक्य होतं, “या माळावर तेव्हा काहीही नव्हतं.” बाईंनी ते तीनदा म्हटलं, कारण पहिल्या दोन वेळा त्यांना खोकला आला. तिसऱ्यांदा छान जमलं. शेवटी त्यांनी एका कागदावर सही केली. तो त्यांनी वाचला नाही. वाचला असता तरी सही केलीच असती, असं त्या सांगतात.

दोन वर्षांपूर्वी ओळीला नोटीस आली. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला आणि उपाहारगृहाला जागा हवी होती. नऊ घरांनी मिळून वकील केली. वकीलबाई तरुण, हुशार, सगळं लिहून घेणाऱ्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, “तुम्ही नोकर म्हणून राहत असाल तर उठावं लागेल. पण तुमची वस्ती बंगल्याच्या आधीची होती आणि घरं बदल्यात मिळाली, हे दाखवता आलं तर कुणी हात लावू शकत नाही. कागद आहे?”

कागद नव्हता. व्यापाऱ्याच्या खरेदीखतात माळाच्या रकान्यात ‘पडीक’ इतकंच लिहिलेलं होतं.

“मग दुसरं काही? जुनं? डोळ्यांना दिसणारं?”

भाऊ म्हणाला, “विहीर आहे की.”

त्या क्षणी बाईंच्या हातातली कपबशी वाजली, असं वहिनी नंतर सांगत. बाई सांगतात, वाजली नाही. पण वकीलबाईंना पुस्तिकेबद्दल सांगावं हे त्यांना त्या दिवशी सुचलं नाही, आणि पुढच्या चार बैठकांतही नाही. कोण कशाला पुस्तिका वाचतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हे मात्र त्या आता मान्य करतात.

सुनावणी जमीन कार्यालयात झाली. खोलीत पंखा होता, तो कागद उडतात म्हणून बंद ठेवलेला. ओळीतली सतरा माणसं भिंतीला टेकून उभी होती. वकीलबाई विहिरीबद्दल वीस मिनिटं बोलल्या. मग ट्रस्टच्या वकिलांनी पिशवीतून एक लहान स्पीकर काढून टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. ‘या माळावर तेव्हा काहीही नव्हतं,’ बाईंचा आवाज म्हणाला. मग वकिलांनी थोडं पुढे नेलं. ‘तळ्याच्या मधोमध पाणी कमी झाल्यावर जे गोल बांधकाम दिसतं, तो वादकांचा चौथरा…’

अधिकाऱ्यांनी विचारलं, “हा आवाज कुणाचा?”

वकीलबाईंनी मागे वळून पाहिलं तेव्हा ओळीतली सोळा माणसं एकाच दिशेला बघत होती.

“माझा,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही कुठे राहता?”

“ओळीत. घर क्रमांक आठ.”

“म्हणजे अर्जदारांपैकीच. चौथऱ्याची माहिती तुम्हाला कुणी दिली?”

“कुणी नाही, साहेब. मी मनानं सांगितली.”

“का?”

“नोकरी होती.”

“आता नाही?”

“आहे अजून.”

कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. “बाई, तेव्हा तुमची नोकरी जाईल म्हणून तुम्ही चौथरा म्हणालात. आता घर जाईल म्हणून विहीर म्हणताय. मी कुठलं धरू?”

वकीलबाईंनी तळं उपसून तपासणी करण्याची मागणी केली. तळ्याला ऐतिहासिक वास्तूचं संरक्षण आहे. अर्जदारांच्याच माणसानं एकोणीस वर्षं नाकारलेल्या गोष्टीसाठी ते उपसता येणार नाही, असं आदेशात लिहिलं आहे. आदेश सव्वा पानाचा आहे.

बाहेर पायऱ्यांवर कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ड्रायव्हरकाका चप्पल घालता घालता एवढंच म्हणाले, “उगाच वकील केली. आपल्याला एक मुकी बाई हवी होती.” मग दोन महिने, ओळ सोडेपर्यंत, ते बाईंशी बोलले नाहीत. गेले त्या दिवशीही दारावरून सरळ गेले. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी ते पुन्हा उच्चारलं नाही.

ट्रक अकराच्या ऐवजी पावणेबाराला आला. बाईंना रजा नव्हती. गुरुवारी चार गट असतात. जेवणाच्या सुटीत त्या झाडांमधून ओळीकडे गेल्या तेव्हा बहुतेक सामान वर चढलेलं होतं. भाऊ आणि वहिनी दूरच्या शहरात मुलाकडे जाणार होते. तिथे दोन खोल्या, माणसं पाच. बाईंसाठी जागा नव्हती आणि असती तरी नोकरी इथे होती. त्यांनी अकरा किलोमीटरवरच्या गावात सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली होती.

वहिनी रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्यावरून फडकं फिरवत होत्या.

“वहिनी, आता कशाला पुसताय? उद्या पाडणार आहेत.”

“घाण ठेवून गेले म्हणतील,” वहिनी म्हणाल्या. “वन्सं, तुमचा डबा खिडकीत ठेवलाय. खाऊन घ्या. परत पाहुणे यायचे असतील.” आणि फडकं पिळता पिळता, “त्यांना गोष्टी ऐकायच्या असतील.”

बाईंनी डबा उघडला नाही. भाऊ बाहेर ट्रकच्या फळीला दोरी आवळत होता.

“दादा, दे इकडे, मी धरते.”

“राहू दे, धाकटे. सुटेल.”

“दादा, तू तरी बोल काहीतरी. शिव्या दे.”

भावानं गाठ मारली, ओढून पाहिली. “शिव्या कसल्या देऊ? तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. पंपावर तीस वर्षं मी तरी काय केलं? पाणी कुठून येतं असं कुणी विचारलं की, मालकांच्या कृपेनं, म्हणायचो.” मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “पण मला कुणी मशीनमध्ये भरलं नाही. एवढाच फरक.”

ट्रक साडेबाराला गेला. फाटकातून बाहेर पडण्यासाठी त्याला बंगल्याच्या दर्शनी रस्त्यानं जावं लागलं, कारण मागचा रस्ता कंत्राटदारानं आधीच खणला होता. ओळीतल्या कुणाचं सामान दर्शनी रस्त्यानं जाण्याची ती पहिलीच वेळ.

तीनचा गट एकवीस जणांचा होता. सगळ्यांच्या कानांत यंत्रं. अशा वेळी बाईंचं काम बोलण्याचं नसतं. पुढे चालायचं, दारं धरायची, कुणी दोरीपलीकडे हात घातला तर थांबवायचं. तळ्याच्या काठावर गट उभा राहिला. पाणी भरलेलं होतं, मध्ये काहीच दिसत नव्हतं. लोक तरीही तिकडे बघत होते, कारण कानातला आवाज तिकडे बघायला सांगत होता.

बाई मोठ्यानं म्हणाल्या, “तिथे चौथरा नाही. ती विहीर आहे. इथे बत्तीस घरं होती.”

दोघा-तिघांनी वळून पाहिलं. एका पाहुण्या बाईंनी एका कानातलं काढलं. “काही म्हणालात?”

“तिथे विहीर आहे, ताई. वस्तीची. तळं नंतर खोदलं.”

“पण यात तर चौथरा म्हणतायत.” त्यांनी पर्समधून पुस्तिका काढली, नकाशा उघडला, बोट ठेवलं. “हे बघा, छापलंय इथे.”

“ते मीच सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं.”

“तुम्ही?”

“यातला आवाज माझाच आहे.”

त्या बाईंनी क्षणभर यंत्र कानाशी धरलं, ऐकलं, आणि समजुतीनं हसल्या. “छे हो. या किती छान सांगतायत, ठामपणे. तुम्ही दमलेल्या दिसताय. जरा बसा सावलीत.” त्यांनी कानातलं परत लावलं. गट पुढे सरकला.

त्या पाहुण्या बाई वाईट नव्हत्या. बाहेर पडताना त्यांनी दारातल्या टेबलाशी व्यवस्थापकांना काळजीनंच सांगितलं की तुमच्या मार्गदर्शक बाईंना बरं नसावं. व्यवस्थापक नवे आहेत, बाईंहून वीस वर्षांनी लहान. ते बंगला बंद व्हायच्या वेळी जेवणघरात आले तेव्हा बाई पूर्वेची शेवटची झडप लावत होत्या.

“मावशी, आज तळ्यावर काय झालं?”

“खरं ते सांगितलं.”

“जमीन कार्यालयाचा आदेश आलाय, मावशी. माझ्या हातात काही नाही. पुस्तिकेबाहेरचं बोलायचं नाही, एवढंच.”

“मग माझा आवाज काढून टाका त्यातून.”

“तो आता तुमचा नाही ना. सही आहे.” त्यांना हे बोलताना बरं वाटत नव्हतं, पण त्यांनी ते बोलून टाकलं. “आणि लोकांना आवडतो हो. अभिप्रायाच्या वहीत दर पानावर लिहितात. असं करू, तळ्याकडे तुम्ही जाऊच नका. वरचा मजला बघा.”

“बरं, साहेब.”

त्यांनी किल्ल्या खुंटीला लावल्या, निळा कोट कपाटात टांगला आणि फाटकाबाहेरच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ओळीकडे जाणारी पायवाट पत्रे ठोकून बंद केली होती.

शुक्रवारी बाईंची नेमणूक वरच्या मजल्यावर आहे आणि पहिला गट साडेनऊचा. गावातून बंगल्याकडे येणारी पहिली बस सहा पस्तीसला सुटते आणि सात वाजून दोन मिनिटांनी फाटकाशी थांबते. दुसरी थेट नऊ वाजता आहे, आणि पश्चिमेच्या खिडक्या त्याच्या कितीतरी आधी उघडायच्या असतात.